म्हातारपणावर किती ढकलायचे?

म्हातारपण हे आपल्या घराघरांतले मोठे सोयीचे उत्तर आहे. गुडघे दुखतात? वय झाले. अन्न जात नाही? वय झाले. रात्री झोप लागत नाही? अहो, वय झाले! एकदा हे उत्तर मिळाले की पुढे कोणी प्रश्न विचारीत नाही, आणि ज्याचे वय झालेले असते तोही बिचारा गप्प बसतो. माणसाची ही कथा, तर मुक्या जनावराने काय सांगावे?

म्हणून यंदाच्या दिवाळीत चकलीच्या भाजणीऐवजी आमच्या मोत्याची हकीगत वाचकांपुढे मांडते. ज्यांच्या घरी कुत्रा नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही.

मोत्या अकरा वर्षांचा. जात विचाराल तर अस्सल गावठी. रंग पिवळा, एक कान उभा, एक पडलेला. यंदा उन्हाळ्यात तो वाळू लागला. नवल असे की त्याचे खाणे मुळीच कमी झाले नव्हते, उलट वाढलेच होते. थाळी चाटूनपुसून लख्ख करी आणि पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराशी हजर! तरी पाठीचा कणा हाताला लागू लागला, मांड्या उतरल्या, गळ्यातला पट्टा दोन भोके आत घ्यावा लागला.

"म्हातारा झाला गं तो," सासूबाई म्हणाल्या. "म्हातारपणी अंग वाळायचंच. माझंच बघ ना!"

ह्यांनी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता मान डोलावली.

मला ते पटेना. उतारवयात मांस थोडे झडते हे खरे; पण भरपूर खाऊन जो वाळतो, त्याचे अन्न जाते कुठे? मी चिरंजीवांना मोत्याला उचलून वजनकाट्यावर उभे केले, मग एकट्यांना उभे केले आणि वजाबाकी केली. 15 किलो 200 ग्रॅम. गेल्या वर्षी लस टोचली तेव्हा कार्डावर 18 किलो 500 ग्रॅम लिहिलेले होते. म्हणजे शेकडा 18 ची घट! 60 किलोच्या माणसाचे 11 किलो वजन असे आपोआप उतरले, तर आपण 'वय झाले' म्हणून स्वस्थ बसू का? आपण मुद्दाम कमी न करता शेकडा 10 वजन गेले, तर कारण शोधलेच पाहिजे असे डॉक्टर मानतात.

दुसऱ्या दिवशी पाणी मोजले. सकाळी भांड्यात मापून ओतले, संपले की पुन्हा मापून. 24 तासांत स्वारीने दोन लिटरच्या वर पाणी रिचवले. कुत्र्याला दिवसाकाठी दर किलो वजनामागे 100 मिलिलिटरहून जास्त पाणी लागू लागले, तर ते दुखण्याचे लक्षण समजतात. मोत्याच्या हिशेबी ही मर्यादा दीड लिटर. रात्रीही तो दोनदोनदा उठून दाराशी खुडबुड करी आणि एकदा तर गॅलरीच्या कोपऱ्यातच त्याने कार्यभाग उरकला.

तिसरा पुरावा सासूबाईंनीच शोधला. सकाळी त्या तुळशीला पाणी घालायला गेल्या, तर त्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागलेली. सासूबाई स्वतः कैक वर्षांच्या मधुमेही. क्षणभर त्या तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, ह्याला माझंच दुखणं झालंय!"

आपल्या प्राचीन वैद्यांनीही लघवीला लागणाऱ्या मुंग्यांवरून हा रोग ओळखला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासले. साखर 430, निरोगी कुत्र्याची 100 च्या आसपास असते. लघवीतही साखर होतीच. "कोठार भरलेलं आहे, पण किल्ली हरवली आहे," डॉक्टर म्हणाले. इन्शुलिन नसले की साखर रक्तातच साठते, पेशींपर्यंत पोहोचत नाही. मग शरीर उपाशी पडून स्वतःचीच चरबी आणि मांस जाळू लागते. म्हणून हा खातो आणि वाळतो.

अर्थात प्रत्येक वाळणाऱ्या कुत्र्याला मधुमेहच असतो असे नाही. भूक मंदावून वजन गेले, तर किडलेले दात, मूत्रपिंड, यकृत, हृदय, पोटातली एखादी गाठ किंवा गोचिडांमुळे येणारा ताप यांचा शोध घ्यावा लागतो. मूत्रपिंडाच्या दुखण्यातही तहान वाढतेच. त्यामुळे तर्क करीत न बसता रक्त आणि लघवी तपासून घेणे बरे.

कुत्र्याच्या मधुमेहाला गोळ्या सहसा लागू पडत नाहीत. इन्शुलिनच टोचावे लागते, तेही दिवसातून दोनदा आणि जन्मभर. हे ऐकून घरात सभा भरली. "अकरा वर्षांचा कुत्रा," हे म्हणाले. "त्याला रोज दोन सुया टोचायच्या? खर्चाचं एक वेळ सोडा, पण म्हातारपणी त्याचे हाल कशाला?"

सासूबाई जपमाळ ओढीत होत्या. त्या थांबल्या. "मी एक्याऐंशीची आहे. मला रोज टोचता, ते हाल म्हणूनच का रे?"

ह्यांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले. त्यानंतर सभेत कोणी बोलले नाही, आणि संध्याकाळी हे स्वतःच औषध घेऊन आले.

त्या रात्री मी सासूबाईंना एक गोष्ट सांगितली. 1889 साली स्ट्रासबुर्गला मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याला मधुमेह जडला आणि रोगाचे मूळ कळले. पुढे 1921 मध्ये टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क अशाच कुत्र्यांना टोचला. त्यांची साखर उतरली. 1922 च्या जानेवारीत तो अर्क एका 14 वर्षांच्या मुलाला मिळाला आणि तो सावरला. त्या कुत्र्यांच्या वाट्याला मात्र मरणच आले. सासूबाईंनी सारे ऐकून घेतले. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या सुईच्या वेळी मोत्याचे डोके त्यांच्या मांडीवर असते.

ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांच्यासाठी चार गोष्टी. जेवण ठरलेल्या वेळी आणि मापून द्यावे. सुई 12 तासांच्या अंतराने, जेवणाबरोबर. कुत्रा जेवला नाही तर नेहमीची मात्रा टोचू नये, डॉक्टरांना विचारावे. घरातल्या माणसाच्या बाटलीतले इन्शुलिन आपल्या मनाने देऊ नये. बाटल्या 40 आणि 100 एककांच्या अशा दोन तऱ्हेच्या मिळतात. सिरिंज त्याच मापाची हवी, नाहीतर मात्रा अडीचपट चुकते. साखर फार उतरली की कुत्रा लटपटतो, झटकेही येतात. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळून तडक दवाखाना गाठावा.

तीन महिन्यांत मोत्या 16 किलो 800 ग्रॅमवर आला. पाणी निम्म्यावर उतरले, रात्रीची खुडबुड थांबली. पण सारेच गोड झाले असे कसे म्हणू? त्याच्या डोळ्यांत आता निळसर ढग दिसू लागले आहेत. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना मोतीबिंदू होतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. शस्त्रक्रिया करता येते. त्याच्या वयाला ती सोसेल की नाही, हे तपासणीनंतर ठरेल. तोवर आम्ही घरातली एकही खुर्ची जागची हलवीत नाही, आणि सासूबाई त्याच्या वाटेवरून जाताना काठी मुद्दाम आपटीत जातात.

दिवाळीत तर जास्तच जपायला हवे. कुत्र्याचे कान आपल्याहून तिखट. फटाक्यांनी घाबरला की तो जेवत नाही, आणि सुईचे गणित चुकते. त्याला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, कोणाच्या तरी सोबतीने ठेवावे. प्रेमाने लाडू देऊ नये. त्यातले बेदाणे तर निरोगी कुत्र्यालाही विषासारखे. चॉकलेट आणि कांदाही तसेच.

पाडव्याला नव्या वह्यांची पूजा होते. त्यातल्या एका वहीचे एक पान घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या नावे राखून ठेवा आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याचे वजन त्यावर मांडा. आमच्याकडे आता त्या पानावर दोन रकाने आहेत. दुसरा सासूबाईंचा, तो त्यांनी आपल्या हाताने आखला.