ग्लुकोमीटर घेताना पट्टीचा हिशेब

घरात कुणाला मधुमेहाचे निदान झाले की मुले काळजीने ग्लुकोमीटर आणून देतात. पहिले पंधरा दिवस वडील रोज बोट टोचून साखर पाहतात, आकडा सर्वांना सांगतात. मग डबीतल्या पट्ट्या संपतात. नव्या डबीची किंमत ऐकून ते ‘आता बरे वाटते आहे’ असे म्हणतात आणि यंत्र फडताळात जाते. टेंभुर्णीपासून मुंबईपर्यंत अनेक घरांत हेच घडते. वाचकहो, खरेदीच्या वेळीच थोडा हिशेब केला, तर हे टाळता येते.

यंत्र एकदाच घ्यायचे असते. पट्टी मात्र प्रत्येक तपासणीला नवी लागते. समजा, एक यंत्र पाचशे रुपयांना आहे आणि त्याची पट्टी पंचवीस रुपयांना पडते. दुसरे यंत्र हजार रुपयांचे, पण पट्टी बारा रुपयांची. आठवड्यातून दोनदा तपासणी केल्यास वर्षाला 104 पट्ट्या लागतील. पहिल्याचा वर्षाचा खर्च 3100 रुपये होतो, दुसऱ्याचा 2248. स्वस्त दिसलेले यंत्रच महाग ठरते. एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात चालत नाही, हेही ध्यानात असू द्या. म्हणून दुकानदाराला आधी पट्टीचा भाव विचारा आणि ती गावात बारमाही मिळते का, हे पाहा. पट्टीसाठी प्रत्येक वेळी सोलापूर गाठावे लागणार असेल, तर ते यंत्र आपल्या कामाचे नाही.

किती वेळा तपासायचे, हे मात्र डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यास वारंवार तपासणी आवश्यक असते. केवळ आहार, व्यायाम आणि मेटफॉर्मिनवर असलेल्या रुग्णास रोज बोट टोचण्याची सहसा गरज नसते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने साखर एकाएकी उतरू शकते. अशा रुग्णास थरथर, घाम किंवा भोवळ जाणवताच आकडा पाहता यावा, यासाठी घरात पट्टी असलीच पाहिजे. 70 पेक्षा कमी आकडा आल्यास तत्काळ साखर किंवा ग्लुकोज द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता त्याला त्वरित दवाखान्यात न्यावे.

डबी उघडल्यानंतर बहुतेक पट्ट्या काही महिनेच विश्वसनीय राहतात. नेमकी मुदत डबीवर छापलेली असते. आठवड्यातून दोनदाच तपासणाऱ्याने स्वस्त पडते म्हणून पन्नासची डबी घेतली, तर तीन महिन्यांत जेमतेम निम्मी संपते. त्याने पंचवीसची घ्यावी आणि उघडल्याची तारीख डबीवर लिहून ठेवावी.

अचूकतेसाठी खोक्यावर ‘आयएसओ 15197’ या मानकाचा उल्लेख पाहावा. या मानकाच्या 2013 च्या आवृत्तीनुसार, साखर शंभर किंवा त्याहून अधिक असताना शंभरपैकी किमान 95 आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून पंधरा टक्क्यांच्या आत असावे लागतात. म्हणजे प्रयोगशाळेत 140 आले आणि घरी 125 किंवा 155 दिसले, तर यंत्र बिघडले असे समजू नये. उपाशीपोटी रक्त देण्यास जाल, तेव्हा यंत्र सोबत न्यावे आणि त्याच वेळी बोटाची तपासणी करून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. रक्तक्षय असल्यास यंत्र साखर प्रत्यक्षाहून जास्त दाखवू शकते, म्हणून तसे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

आपल्या भागात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे ऊन. अनेक पट्ट्या तीस अंशांपर्यंतच ठेवायच्या असतात आणि सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. दुचाकीच्या डिकीत, ट्रॅक्टरवर किंवा पत्र्याखालच्या फळीवर डबी ठेवू नये. फ्रिजमधील ओलही तिला सोसत नाही. घरातील सर्वांत थंड, कोरड्या खोलीत, झाकण घट्ट लावून ठेवावी.

उसाचा रस, गूळ किंवा फळ हाताळलेल्या बोटाचा आकडा तर साफ फसवतो. फळे सोलल्यानंतर स्पिरिटने पुसलेल्या बोटावरही खोटी वाढलेली साखर दिसते, नळाखाली हात धुतल्यास मात्र आकडा बरोबर येतो, असे जपानी संशोधकांनी 2011 मध्ये दाखवून दिले. तेव्हा आधी साबणाने हात धुवून कोरडे करावेत आणि बोटाच्या कडेला टोचावे. घरात दोघांना मधुमेह असला, तरी सुई आणि टोचण्याचे पेन प्रत्येकाचे स्वतंत्र असावे. रक्तातून कावीळ पसरू शकते.

शेवटी, तारीख, वेळ, जेवणाआधी की नंतर आणि आकडा, एवढे एका वहीत लिहावे. एका आकड्यावरून स्वतःच गोळी वाढवू वा थांबवू नये. पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांसमोर ठेवली, म्हणजे पट्टीवर खर्च केलेला प्रत्येक रुपया कामी आला असे समजावे.