हासळीचा भंग आणि पट्ट्याचा शिरस्ता

हासळी मोडलेला रुग्ण समोर येऊन बसला, क्ष-किरण चित्रात जत्रुकाच्या मधल्या तृतीयांशाचा भंग नजरेस पडला, की हात आपसूक चिठ्ठीकडे वळावा आणि तिच्यावर ‘कॉलर बोन बेल्ट’ एवढा मजकूर उमटून रुग्णाची रवानगी कोपऱ्यावरच्या औषधदुकानात व्हावी, हा आपल्या व्यवसायातील शिरस्ता इतका मुरला आहे की त्याची कैफियत कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. दुकानातला नोकर छातीचा घेर नजरेने जोखून पट्टा काढून देतो. तो कितपत आवळायचा आणि बक्कल कोठे यावयाचे, याचा निकाल घरी गेल्यावर रुग्णाचा मेहुणा लावतो. ज्या साधनाची निवड, माप आणि बांधणी या तिन्ही गोष्टी वैद्याच्या नजरेआड उरकल्या जातात, ते मुळात काय साधण्याकरिता दिले जाते, याची एकदा तपासणी करणे या मासिकाच्या वाचकांना अप्रस्तुत वाटणार नाही.

पट्ट्यामागील कल्पना दिसावयास निर्दोष आहे. जत्रुक हे बाहूला धडाशी जोडणारे एकमेव अस्थिमय बंधन. ते मधोमध तुटले की आतला तुकडा मानेतील स्टर्नोमॅस्टॉइड स्नायूच्या ओढीने वर आणि मागे जातो, बाहेरचा तुकडा हाताच्या भाराने खाली झुकतो, आणि छातीचे स्नायू त्याला आत ओढीत असल्याने दोन्ही टोके एकमेकांवर चढून हाडाची लांबी घटते. तेव्हा दोन्ही खांदे मागे खेचून धरले, तर ही लांबी परत मिळेल आणि टोके समोरासमोर येतील, असा हिशेब इंग्रजी आठाच्या आकाराची ही बंधपट्टी शोधून काढणाऱ्यांनी मांडला. परंतु साठ किलो वजनाच्या माणसाचा एक हात सुमारे ३ किलो भरतो. हा भार अहोरात्र खाली ओढीत असताना, श्वासागणिक छातीचा पिंजरा हलत असताना आणि मऊ पट्टा काही तासांतच सैल पडत असताना, भंगलेली टोके त्या पट्ट्याने जागेवर राहतील ही अपेक्षा रेखाकृतीत शोभते, देहात टिकत नाही. उलट तोच पट्टा सैल पडू नये म्हणून आवळला, तर काखेत त्याचा दाब शिरा आणि बाहुजालातील मज्जातंतू यांवर पडतो. हाताला मुंग्या येतात, बोटे सुजतात. आणि कोकणातल्या वैशाखात काखेतील त्वचा तिसऱ्या दिवशी सोलवटून निघाली म्हणजे रुग्ण वैद्याला न विचारताच पट्टा खुंटीला टांगतो.

हा केवळ तर्क नाही. १९८७ साली अँडरसन, येन्सेन आणि लॉरिट्झेन या डेन्मार्कच्या शल्यविशारदांनी ६१ रुग्णांत आठाची पट्टी आणि साधी झोळी यांची तुलना केली, तेव्हा हाड जुळून आल्यानंतरचे रूप आणि हाताचे कार्य दोहोंत सारखेच आढळले. फरक पडला तो एवढाच, की झोळीवाल्यांना त्रास आणि उपद्रव कमी झाला. २०१५ साली तुर्कस्तानातून प्रसिद्ध झालेल्या ६० रुग्णांच्या अभ्यासातही हाडाच्या आखूडपणात भेद दिसला नाही, मात्र आरंभीची वेदना पट्टा बांधलेल्यांत अधिक होती. हे अभ्यास लहान आहेत, आणि अशा अभ्यासांची एकत्रित समीक्षा करणाऱ्यांनी पुरावा अपुरा असल्याचा निर्वाळा दिला आहे, हे खरे. पण पुरावा अपुरा असता दोन साधनांपैकी अधिक गुंतागुंतीचे, अधिक टोचणारे आणि अधिक देखरेख मागणारे साधन रूढीने निवडावे, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

पट्ट्याच्या बाजूने जुन्या आकड्यांचा हवाला हटकून दिला जातो. नीर यांनी १९६० साली शस्त्रक्रियेवाचून बरे केलेल्या २,२३५ मध्यभंगांत अवघ्या तिघांचे हाड जुळले नाही असे नोंदविले, आणि त्या यशाचे श्रेय नकळत पट्ट्याच्या पदरात पडले. पुढे १९९७ साली हिल आणि सहकाऱ्यांनी पूर्णपणे सरकलेल्या भंगांचे ५२ प्रौढ रुग्ण तपासले, तेव्हा न जुळण्याचे प्रमाण शेकडा १५ निघाले, आणि २ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक आखूडपणा हा त्याचा सोबती ठरला. या दोन आकड्यांमधील तफावतीचा मोठा भाग रुग्णांच्या निवडीचा आहे. मुले आणि न सरकलेले भंग बाजूला काढले की उरलेल्यांचे दैव निराळे दिसू लागते. ज्याचे हाड कोणत्याही आधाराने जुळले असते त्याचे यश पट्ट्याच्या खात्यावर जमा करणे, आणि ज्याला शस्त्रक्रियेने धातूची पट्टिका बसविण्याचा विचार व्हावयास हवा होता त्याला तोच पट्टा देऊन समाधान मानणे, या एकाच हिशेबातील दोन चुका आहेत. २००७ साली कॅनडातील शल्यविशारदांनी १३२ रुग्णांत पट्टिका आणि शस्त्रक्रियाविरहित उपचार यांची जी प्रसिद्ध तुलना केली, तीत शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या गळ्यात साधी झोळीच होती, ही गोष्ट या वादात सहसा कोणी सांगत नाही.

आपल्या परंपरेचा दाखला काढावयाचा तर तोही सावधगिरीचाच निघतो. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात खचलेला अक्षक, म्हणजे हासळी, शेकून मुसळाने उचलावा, वर आलेला दाबावा आणि घट्ट बांधावा असे सांगितले आहे खरे. परंतु त्याच अध्यायात, सैल बंधाने संधीला स्थैर्य येत नाही आणि घट्ट बंधाने त्वचेला सूज, वेदना व पाक होतो, म्हणून भंगात मध्यम बंधच जाणत्यांना मान्य, असा सर्वसाधारण नियम घालून दिला आहे. इतकेच नव्हे, तर बंध शीत ऋतूत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी आणि उष्ण ऋतूत तीन दिवसांनी बदलावा, अशी मुदतही ठरवून दिली आहे. पट्टा देऊन ‘तीन आठवड्यांनी या’ म्हणणाऱ्या आपल्या पिढीने ही मुदत जरूर वाचावी.

तेव्हा आमची शिफारस साधी आहे: मधल्या तृतीयांशाच्या, न सरकलेल्या किंवा थोड्या सरकलेल्या भंगात झोळी हाच मामूल असावा. पण झोळी म्हणजे गळ्यात लोंबता फडका नव्हे. कोपर काटकोनात, मनगट कोपरापेक्षा किंचित वर, झोळीचा काठ करंगळीच्या मुळापर्यंत पोहोचलेला, आणि गाठ मानेच्या मणक्यावर किंवा मोडलेल्या बाजूवर न येता बाजूला सरकविलेली असावी; तयार पाउच असेल तर त्याचा पट्टा भंगावरून न जाता निकोप खांद्यावरून जावा. आणि बांधणी दवाखान्यातच, रुग्णाच्या सोबत्याच्या डोळ्यांसमोर व्हावी. बोटे, मनगट आणि कोपर पहिल्याच दिवसापासून हलवावयास सांगितले नाही, तर महिन्याभराने हाड जुळते आणि कोपर धरते. वृद्धांच्या बाबतीत हा दंड फार महाग पडतो. दोन-तीन आठवड्यांत वेदना ओसरली की झोळी उतरू लागावी, खांद्याच्या उंचीवर हात नेण्याची घाई सहा आठवड्यांपूर्वी नसावी आणि वजन उचलण्याची मुभा बहुधा तीन महिन्यांनी मिळावी. मुलांत ही सारी मुदत निम्म्यावर येते. नवजाताला तर बाहीसकट हात अंगरख्याला टाचून आठ-पंधरा दिवस ठेवला की पुरते, आणि आठवड्याभरात हाताला लागणारी गाठ ही नव्या अस्थीची आहे, हे आईला आधीच सांगून ठेवले की तिची धावपळ वाचते.

पट्ट्याला सर्वस्वी हद्दपार करावे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. खांदे मागे घेतल्याने ज्याला खरोखर आराम वाटतो, ज्याला दोन्ही हात मोकळे ठेवून टंकलेखन करावयाचे आहे, किंवा उरोस्थीजवळचा सांधा मागे निखळून तो बसविल्यावर ज्याचे खांदे मागे धरून ठेवणे इष्ट आहे, अशांना तो द्यावा. (या शेवटच्या इजेत पंचविशीच्या आतील रुग्णाचा सांधा निखळला नसून हाडाच्या वाढीची चकती सुटलेली असू शकते, कारण जत्रुकाचे आतले टोक सर्वांत शेवटी जुळते, आणि अशा रुग्णाला गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल तर पट्ट्याचा विचार मागाहून, आधी शल्यविशारद.) बाहेरच्या टोकाच्या भंगात, जेथे आतला तुकडा स्नायुबंधांपासून सुटला आहे, तेथे आठाची पट्टी निरुपयोगी ठरते. त्वचेला टोक भिडून ती पांढरी पडली असेल, मनगटाची नाडी लागत नसेल, बोटे बधिर असतील, किंवा त्याच बाजूचे खवट्याचे हाडही मोडले असेल, तर कोणत्याही आधाराची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी रुग्ण मोठ्या इस्पितळाकडे निघालेला असावा. चित्र काढताना रुग्ण शक्य तर उभा ठेवावा; निजलेल्या स्थितीतील चित्र सरकण्याचे माप कमी दाखविते, आणि त्या खोट्या समाधानावर पट्टा बांधला जातो.

पट्टा टिकून राहण्याचे एक कारण वैद्यकीय नाही, हेही बोलून टाकावे. पैसे मोजून आलेल्या रुग्णाला काही तरी घट्ट, बक्कलांचे, दिसणारे साधन मिळाल्यावाचून उपचार झाल्यासारखे वाटत नाही, आणि कापडाची झोळी देणारा डॉक्टर त्याला कंजूष भासतो. ही भीड समजण्यासारखी आहे. पण तिचा इलाज रुग्णाशी पाच मिनिटे अधिक बोलणे हा आहे. हाड निसर्ग जोडतो, झोळी फक्त दुखणे सुसह्य करते आणि थोडी गाठ कायमची राहील, ही तीन वाक्ये त्याला पहिल्या भेटीतच ऐकविली, तर महिन्याभराने आरशासमोर उभा राहून तो आपल्याला दोष देणार नाही.

वाचकांना विनंती एवढीच, की यापुढे ज्या रुग्णाला पट्टा लिहून द्याल, त्याच्या केसपेपरवर तो का दिला याचे कारण एका ओळीत नोंदवा आणि पट्टा स्वतः बांधून तिसऱ्या दिवशी त्याची काख व बोटे तपासा. ती ओळ लिहिता आली नाही, तर झोळी द्या.