गाडीतली ओल आणि पिठाची मर्यादा



पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन, हे आपल्यातल्या बहुतेकींना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. गाळलेल्या पाण्याची दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं. पण दारात उभ्या असलेल्या गाडीचं कार्पेट तीन आठवडे ओलं राहिलं तर त्याची मर्यादा किती? हे कोणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं. आमच्या आत्तींनी विचारलं.

आषाढातल्या अष्टान्हिकेत त्यांना कुंभोजच्या बाहुबलीला न्यायचं ठरलं होतं. त्या पुढच्या डाव्या सीटवर बसल्या, काठी ठेवायला जागा हवी म्हणून रबरी मॅट उचलली आणि तशाच खाली उतरल्या. मॅटखाली पांढऱ्या बुरशीचा थर. "ह्याच्यावर पाय ठेवून मी दर्शनाला जाऊ व्हय?" एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही एसटीनं गेलो.

खरं सांगायचं तर वास मला आधीपासून येत होता. काच आतून धुरकट होत होती तेही दिसत होतं. गॅरेजमध्ये दाखवलं तेव्हा उत्तर मिळालं, "वैनी, पावसाळ्यात एवढं चालतंय. वाळवा आणि परफ्यूम लावा." आम्ही परफ्यूम लावला. मग एका रात्री मुदाळ तिट्ट्याकडून येताना काच एकाएकी पांढरी झाली आणि समोरचा सायकलवाला ह्यांना अगदी जवळ आल्यावर दिसला. ब्रेक लागला म्हणून बरं. कार्पेटात मुरलेलं पाणीच वाफ होऊन काचेवर बसतं. म्हणजे गाडीतली ओल निगोद जिवांपुरती नव्हती, एका पंचेंद्रिय जिवापर्यंत पोहोचली होती. तरीही आम्ही शहाणे झालो नाही. आत्ती उतरल्या तेव्हा झालो.

मंदिरात हा विषय निघाला तेव्हा एक ताई म्हणाल्या, "तू ते काढायला गेलीस की अनंत जीव मरणार. त्यापेक्षा हात लावू नको, आपोआप वाळेल." हे मला पटत नाही, आणि हे लिहायला बसले ते त्यासाठीच. पाणी येतंय तोवर आपोआप काहीच वाळत नाही. रोज नवी उत्पत्ती आणि रोज आपल्या पायांखाली तिचा घात, हे चालूच राहतं. धान्यात किडे झाल्यावर आपण काय करायचं यावर वाद घालत बसत नाही, धान्य आधीच ऊन देऊन ठेवतो. घरसंसारातली आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, पण प्रमादाची टाळता येते. ओल दिसत असून परफ्यूम लावणं हा प्रमाद. माझाच.

आता पाणी येतंय कुठून ते शोधायचं. इथं माणसं पहिली चूक करतात ती ही, की जिथं ओलं दिसतं तिथंच भोक शोधतात. छताची गळती जशी वाशावरून सरकत भलत्याच खोलीत टपकते, तसंच गाडीत होतं. पाणी पत्र्याच्या कडेनं, वायरींवरून वाहत येऊन सखल भागात साचतं. गाडी उतारावर लावली असेल तर आणखी गोंधळ.

पहिला प्रश्न, पाऊस नसताना ओल येते का? येत असेल तर संशय एसीवर. एसी चालू असला की गाडीखाली पाणी ठिबकायला हवं. खाली काही पडत नाही आणि आत डाव्या पायाशी ओलं होतंय, तर एसीची निचऱ्याची नळी तुंबलेली असते. आत आलेलं पाणी रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते पावसाचं नाही, इंजिनाचं कूलंट आहे. तिथं स्वतः काही करू नका, मेकॅनिककडेच जा. आमच्या गाडीखाली पाणी नीट ठिबकत होतं, रंग-वासही काही नव्हता. म्हणजे पाऊसच.

ह्यांचं म्हणणं, वॉशिंग सेंटरवर नेऊ, प्रेशरनं पाणी मारू, लगेच कळेल. मी नको म्हटलं. एक तर पाणी म्हणजे अप्काय जीव. शेकडो लिटर उगाच ओतायचं कशाला? आणि खरोखरच्या शोधालाही ते वाईट. प्रेशरचं पाणी चांगल्या रबरातूनही आत घुसतं, मग नसलेली गळती सापडते. आम्ही गाळलेल्या पाण्याची बादली आणि तांब्या घेतला. आत जमिनीवर वर्तमानपत्राचे कागद पसरले, दाराच्या कडांना आणि डॅशबोर्डखाली टाल्कम पावडर भुरभुरली. पाण्याची वाट पावडरीत लगेच उमटते. मी बॅटरी घेऊन आत, हे बाहेर. खालून वर जायचं: आधी दाराचा खालचा भाग, मग खिडकीची कड, शेवटी काच आणि छत. एका जागी सावकाश दोन-तीन तांबे, पाच मिनिटं थांबायचं, मगच पुढची जागा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

दारं कोरडी राहिली. छत कोरडं. पुढच्या काचेच्या खाली, वायपरजवळच्या काळ्या जाळीवर तिसरा तांब्या ओतला आणि आत माझ्या पायाशी कागद भिजला.

गाडी आमच्या दारातल्या चिंचेखाली उभी असते. चिंचेचा पाला इतका बारीक की जाळीतून सहज आत जातो. जाळीखाली एक पन्हळ असते, तिच्या टोकांना पाणी बाहेर जायला वाटा असतात. त्या वाटा पाल्यानं बंद झाल्या की पन्हळ भरते, आणि एसीला बाहेरची हवा घेणारं तोंड तिथंच असतं, त्यातून पाणी थेट आत उतरतं. कार्पेटचा, दाराचा, काचेचा काहीच दोष नव्हता. गॅरेजवाल्यानं काचेभोवती सिलिकॉन भरलं असतं तरी पाणी येतच राहिलं असतं.

जाळी काढली तेव्हा मी थोडा वेळ गप्पच बसले. आत पाल्याचा कुजून चिखल झाला होता, आणि त्यात एक लहान गांडूळ, दोन-तीन गोमी आणि कितीतरी मुंग्या. प्रेशरचा पाइप लावला असता तर हे सगळे कुठे गेले असते ते सांगायला नको. मऊ ब्रशनं थोडं थोडं तसराळ्यात घेतलं आणि चिंचेच्या बुंध्याशी सावलीत नेऊन ठेवलं. पाऊण तास लागला. ह्यांनी मध्ये घड्याळ बघितलं, ते मी न बघितल्यासारखं केलं. निचऱ्याच्या वाटेत तार घालू नका, रबर फाटतं. बोटानं किंवा मऊ नायलॉनच्या दोरीनं मोकळी होते.

कार्पेटखालचा जाड फोम मात्र पिळला तर बादलीभर पाणी निघेल असा झाला होता. वरून कार्पेट सुकलं तरी फोम महिनाभर ओला राहतो, आणि त्याखालच्या वायरींचे जोड गंजतात ते वेगळंच. सीट काढायला मेकॅनिकलाच बोलवा. सीटखाली पिवळा जोड असेल तर तो एअरबॅगचा, बॅटरी सोडवून थोडं थांबल्याशिवाय त्याला हात लावायचा नसतो. बिद्रीच्या जुलैमध्ये ऊन कुठून आणणार? चार दिवस पडवीत टेबल फॅन लावला. बुरशी आलेला फोमचा तुकडा कापून टाकावाच लागला. जे जीव गेले ते गेले. त्या दिवशी आत्तींनी आणि मी एक रस सोडला, जाप केला. ताईंना हे पुरेसं वाटणार नाही, मला माहीत आहे.

जाता जाता एक. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरानंतर आपल्या जिल्ह्यात जुनी गाडी घेताना सगळ्यांनाच धास्ती असते. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात होती असं समजा. डिकीत स्टेपनी उचलून खालचा खड्डाही बघा. नव्या वासाचा परफ्यूम जरा जास्तच येत असेल तर आणखी नीट बघा.

आता जेवणाच्या डब्यांवर मर्यादेच्या तारखा लिहिते त्याच वहीत गाडीचंही पान केलंय. आषाढ लागायच्या आधी जाळी काढून पाला काढायचा, आणि चातुर्मासात दर चतुर्दशीला मॅट उचलून हात फिरवून बघायचा. आत्ती परवा पुढच्या सीटवर बसल्या. बसायच्या आधी मॅट उचललीच.

डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात मात्र अजून थोडं पाणी साचतंय. मागच्या डाव्या दिव्याच्या रबराचा मला संशय आहे. रविवारी पावसानं उघडीप दिली तर मी डिकीत आणि ह्यांच्या हातात तांब्या.