शिट्टी, भोंगा आणि व्हिडिओ

स्कोअर 46-45. हरणाऱ्या टीमने अगदी शेवटच्या क्षणी बास्केट केलं. रेफरींनी ते आधी धरलं, मग आपसांत बोलून रद्द केलं. म्हणे भोंगा वाजल्यावर चेंडू हातातून सुटला. व्हिडिओत मात्र तो आधीच सुटलेला दिसतो. हे घडलं 5 मार्च 2024 ला, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, कॅम्डेन आणि मॅनस्क्वान या हायस्कूलांच्या सेमीफायनलमध्ये.

खरी गंमत पुढेच आहे. राज्य संघटनेने चूक मान्य केली, मॅनस्क्वानची माफीसुद्धा मागितली. पण निकाल तोच! कारण नियमाप्रमाणे रिप्ले बघायची परवानगी नाही, आणि रेफरी एकदा कोर्टावरून नजरेआड झाले की स्कोअर फायनल. शाळा न्यायालयात गेली, तिथेही काही हाती लागलं नाही. म्हणजे गॅलरीतल्या कोणालाही मोबाइलवर जे बघता येत होतं, ते न बघण्याची सक्ती फक्त पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घातलेल्या माणसांवर! मला तरी हे पटत नाही.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. 1992 साली डर्बनला सचिन टीव्ही रिप्लेवर रनआउट झाला, तेव्हापासून आपण थर्ड अंपायर बघतोय. एनबीएने 2002-03 च्या सीझनपासून रिप्ले आणला. त्याआधीच्या प्लेऑफमध्ये लेकर्सचा वेळ संपल्यावर सुटलेला एक शॉट मोजला गेला होता. आणि 2014 मध्ये एनबीएचं रिप्ले सेंटर कुठे सुरू झालं? सिकॉकसला, म्हणजे न्यू जर्सीतच!

आता विरोधकांचं म्हणणं. हायस्कूल म्हणजे एनबीए नव्हे. देशात 19,000 च्या वर हायस्कूलं, सगळीकडे कॅमेरे कुठून आणणार? शिवाय 32 मिनिटांचा खेळ, दर दोन मिनिटांनी थांबला तर पोरांनी खेळायचं कधी? साध्या लीग मॅचपुरतं मला हे मान्य आहे. पण राष्ट्रीय फेडरेशनच्याच नियमपुस्तकात एक फट आहे. राज्य संघटनेने ठरवलं, तर राज्य अजिंक्यपदाच्या सामन्यात शेवटच्या शॉटसाठी मॉनिटर बघता येतो. तेवढी फट तरी वापरा ना राव!

आता आपल्या ब्रँचचा मुद्दा. ‘व्हिडिओ बघा’ म्हणणं सोपं, पण कुठला व्हिडिओ? साधा मोबाइल सेकंदाला 30 फ्रेम घेतो, म्हणजे दोन फ्रेममध्ये साधारण 33 मिलिसेकंद. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. भोंग्यापासून 25 मीटरवर, गॅलरीच्या टोकाला बसलेल्या काकांच्या मोबाइलमध्ये तो 70-75 मिलिसेकंद उशिरा पोचतो. चित्र मात्र लगेच. दोन फ्रेमचा घोळ झाला की नाही? म्हणजे भोंग्यानंतर एका फ्रेमने सुटलेला चेंडू त्या रेकॉर्डिंगमध्ये ‘आधी सुटला’ असा दिसणार. फर्स्ट इयरच्या फिजिक्सचं जर्नल कॉपी करून लिहिलं असलं तरी एवढं समजायला हरकत नाही.

म्हणून कान बंद ठेवून दिवा बघायचा. बोर्डाभोवती वेळ संपल्यावर पेटणारा लाल दिवा बऱ्याच हॉलमध्ये असतो. एकाच फ्रेममध्ये दिवा लाल आणि चेंडू अजून हातात, तर बास्केट रद्द. दिवा विझलेला आणि चेंडू हवेत, तर बास्केट. आवाजाचा संबंधच नाही. एक ट्रायपॉड, बेसलाइनवर एक कॅमेरा आणि स्कोअरच्या टेबलावर एक लॅपटॉप, बास. आपल्या गॅदरिंगच्या साउंड सिस्टिमचं भाडं याहून जास्त होत असेल.

फाउलसाठी मात्र रिप्ले नको. धक्का लागला की लावला, हे स्लो मोशनमध्ये पाच जण पाच तऱ्हेने सांगतात. तिथे रेफरीचाच शब्द चालावा. कोचला रिप्ले मागायचा हक्कही नको, नाहीतर तो टाइमआउटसारखा वापरला जाईल. रेफरींनीच, कोर्ट सोडण्यापूर्वी, दोन मिनिटांच्या आत बघावं. आणि ज्या हॉलच्या बोर्डावर दिवा नाही, तिथे सेमीफायनल ठेवूच नये.