सरळ रेषांचा मोह

वाराणसीत तारांचा विषय २०१५ साली दोनदा गाजला. घाटांवरच्या वाय-फायसाठी टाकलेली ऑप्टिकल फायबर माकडांनी कुरतडली, आणि जुन्या काशीच्या गल्ल्यांवर लोंबणाऱ्या विजेच्या तारा जमिनीखाली नेण्याची योजनाही त्याच वर्षी आली. एकीकडे तार उघड्यावर राहिली म्हणून नडली, दुसरीकडे ती दिसेनाशी होणार म्हणून लोक खूश झाले. तार झाकली, सरळ केली की काम नीट झाले, हा समज आपल्या केबलिंगच्या धंद्यातही पक्का आहे. जुलै २०२१ मध्ये खुल्या झालेल्या १२०० आसनांच्या ‘रुद्राक्ष’ संमेलन केंद्रासारख्या इमारती शहरात उभ्या राहत असताना तो तपासून पाहायला हवा. कंगव्याने विंचरल्यासारखे, वीतवीतभर अंतरावर झिप टायने आवळलेले जाड जुडगे हे नीटनेटक्या कामाचे लक्षण नाही, असे आमचे मत आहे.

पहिला मुद्दा उष्णतेचा. आडव्या केबलची ९० मीटरची मर्यादा २० अंश सेल्सिअस तापमान धरून ठरली आहे. अनशिल्डेड केबलमधील सिग्नलची घट ४० अंशांपर्यंत दर अंशाला सुमारे ०.४ टक्के आणि त्यापुढे ०.६ टक्के वाढते. पूर्ण लांबी ६० अंशांवर गेली तर ९० मीटरचे ७५ उरतात. वाराणसीत मे-जूनमध्ये पारा ४५च्या घरात जातो आणि एसी बंद असताना वरच्या मजल्याच्या फॉल्स सीलिंगमागे त्याहून सुखाची हवा नसते. त्यात २०१८च्या ८०२.३बीटी मानकानुसार स्विच डेटाच्याच केबलमधून एका पोर्टवर ९० वॉटपर्यंत वीज देऊ शकतो. जाड जुडग्याच्या पोटातल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही, म्हणूनच २४ केबलींपेक्षा मोठा जुडगा बांधू नये अशी शिफारस आहे. ८८ मीटरची लिंक जानेवारीतल्या फ्लूक टेस्टमध्ये पास होते. जूनमध्ये तिच्यावरचा कॅमेरा अधूनमधून बंद पडू लागला की दोष मात्र कॅमेऱ्याला लागतो. शिवाय कॅट ६ए यूटीपीत त्याच दोन केबली लांबवर एकमेकींना चिकटून धावल्या की शेजारचा गोंगाट वाढतो. ट्रेमध्ये थोड्या सैल, वेड्यावाकड्या पडलेल्या केबली तिथे उजव्या ठरतात. खरी शिस्त लागते ती पंचिंगला: जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही, वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या चौपटीखाली न्यायची नाही. फोटोत यातले काहीच दिसत नाही.

‘पण साहेब रॅकचे दार उघडूनच बिल पास करतात,’ असे ठेकेदार म्हणतील. खरे आहे, आणि रॅकच्या पुढच्या बाजूला पॅच कॉर्ड मापाच्या व सरळ असाव्यात, याबद्दल वाद नाही. रोजचे हात तिथेच लागतात. ट्रेमधली गोष्ट वेगळी. तिथे एक केबल बदलायला चाळीस टाय कापावे लागत असतील, तर ती शोभा पुढच्या माणसाच्या मुळावर येते. सैल मांडणीला रुंद ट्रे लागतो, खर्च वाढतो, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. त्याचे उत्तर साइटवर मिळणार नाही, कारण आपली माणसे पोहोचेपर्यंत डक्ट आणि स्प्रिंकलरने छत व्यापलेले असते. ट्रेची रुंदी नकाशातच मागून घ्यावी लागेल. वाय-फाय आले, आता केबल कशाला, असे विचारणाऱ्यांनी प्रत्येक ॲक्सेस पॉइंटच्या मागे काय जोडलेले असते ते एकदा पाहावे.

झिप टायऐवजी वेल्क्रो, केबलच्या दोन्ही टोकांचे टॅग आणि उन्हाळ्याच्या तापमानाला धरून काढलेली लांबी या तीन गोष्टी टेंडरमध्ये वेगळ्या बाबी म्हणून, दरासकट लिहिल्या जाव्यात. फुकटात मागितलेली बाब साइटवर सर्वांत आधी गळते.