धंदा घरात ठेवायचा, तर खुर्ची कर्तबगाराला द्या

पेणपासून रोह्यापर्यंत घरचा धंदा करणारी माणसं पावलोपावली भेटतात. हमरापूर आणि जोहे इथले गणपतीचे कारखाने, पेणचे पोह्याचे पापड, वरसे-धाटाव बाजूला एमआयडीसीच्या आधाराने चालणारी फॅब्रिकेशनची नि लेथची वर्कशॉप. बापाने उभं केलं, मुलाने वाढवलं, इथवर बहुतेकांची गोष्ट सारखीच असते. पुढच्या पिढीत मात्र अनेक ठिकाणी वाटण्या होतात, नाहीतर शटर खाली येतं. या सगळ्या घरांसाठी हे आवाहन आहे, आणि त्यासाठी पुण्याच्या एका घराचं उदाहरण घेतो.

धाटावच्या रासायनिक कारखान्यांत काम केलेल्या कुणालाही विचारा, बॉयलर बंद तर प्लांट बंद. रिअ‍ॅक्टर तापवायला वाफ, माल सुकवायला वाफ. अशा बॉयलरच्या बाजारात पुण्याची थरमॅक्स हे मोठं नाव, आणि आपलं उदाहरण तिच्याच घराचं. ए. एस. भठेना या पारशी उद्योजकाने १९६६ साली बेल्जियमच्या वानसन कंपनीशी सहकार्य करून ‘वानसन इंडिया’ काढली आणि छोटे कॉइल बॉयलर बनवायला घेतले. नळीचं वेटोळं, मध्ये बर्नरची ज्योत आणि नळीतून फिरणारं पाणी. आत पाण्याचा साठा थोडा, त्यामुळे वाफ चटकन तयार होते आणि जागाही कमी लागते. लहान कारखान्याला परवडेल आणि कोपऱ्यात मावेल अशी ही वस्तू होती. पुढे जावई रोहिंटन आगा यांनी सूत्रं घेतली, १९८० साली कंपनीचं नाव थरमॅक्स झालं.

हे घर वाढलं कसं, ते नीट बघा. कूपनलिकेचं जड पाणी बॉयलरला चाललं, की नळीच्या आत क्षारांचा पांढरा थर बसतो. थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, इंधन जास्त जळतं आणि नळी तापून एक दिवस फुटते. म्हणजे बॉयलर विकणाऱ्याला गिऱ्हाईक टिकवायचं तर पाणीही सुधारून द्यावं लागतं. त्यासाठी रेझिनचे बारीक मणी लागतात. पाण्यातलं कॅल्शियम ते धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी दमले की मिठाचं पाणी सोडून ते पुन्हा ताजे करायचे. थरमॅक्स पाणीशुद्धीकरणात उतरली, रसायनं बनवू लागली. तिचा रसायनांचा कारखाना आपल्याच रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातल्या पौधला आहे. कारखान्यात वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारी थंडाव्याची यंत्रंही तिने बनवली. आधीच्या गिऱ्हाइकाची पुढची अडचण हाच तिचा नवा धंदा ठरला.

मग पाय घसरला. १९९५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, १९९६ मध्ये रोहिंटन आगा हृदयविकाराने गेले. पत्नी अनु आगा तोवर कंपनीत मनुष्यबळ विभाग पाहत होत्या. पतीच्या निधनानंतर लगेच त्या अध्यक्षपदावर बसल्या. पुढच्याच वर्षी मुलगा कुरूश रस्ता अपघातात गेला. बाजारात मंदी होती आणि कंपनीचा पसाराही नको तितका वाढला होता. सुमारे ४०० रुपयांचा शेअर ३६ रुपयांवर आला आणि २००० ते २००१ या वर्षात कंपनीला तोटा झाला. एका भागधारकाने निनावी पत्र लिहून त्यांना सुनावलं, की तुम्हाला पैशांची गरज नसेलही, पण आम्हाला तुम्ही तोंडघशी पाडलंत. अनुताईंनी ते पत्र केराच्या टोपलीत टाकलं नाही. बाहेरचे सल्लागार आणले, जोडधंद्यांची छाटणी केली, संचालक मंडळ नव्याने बांधलं. सगळ्यांत अवघड काम पुढे होतं. घरच्या माणसांनी रोजच्या कारभारातून बाजूला व्हायचं आणि तो व्यावसायिक व्यवस्थापकांच्या हाती द्यायचा, हे त्यांनी मान्य केलं. २००४ मध्ये अध्यक्षपद मुलगी मेहेर पदमजी यांच्याकडे गेलं, तेही देखरेखीपुरतं. आज सुमारे ६२ टक्के मालकी कुटुंबाकडे आहे आणि २०२४-२५ या वर्षात कंपनीची उलाढाल दहा हजार कोटींच्या पुढे गेली.

तुम्ही म्हणाल, कुठे पुण्याची ती कंपनी आणि कुठे आमचं चार मशीनचं वर्कशॉप. आकडे सोडा. तिथे जे घडलं, ते तुमच्याकडेही घडतं, फक्त पेपरात छापून येत नाही. म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली, गल्ला आणि घर वेगळं करा. मुलीचं लग्न, नवी गाडी, गावची जत्रा हे सगळं धंद्याच्या खात्यातून काढलं, की धंदा नफ्यात आहे की नाही हेच कळत नाही. घरातला जो राबतो त्याला महिन्याचा पगार लावा, मालकाने स्वतःलासुद्धा.

दुसरी, नवं काम घेताना आपल्या जुन्या गिऱ्हाइकाला पुढे काय लागतं ते बघा. टाकी बनवणाऱ्याने टाकीची दुरुस्ती आणि पाइपलाइन घ्यावी. शेजाऱ्याने रिसॉर्ट काढलं म्हणून आपणही काढावं, हा हिशेब नाही. जे चालत नाही ते वेळेवर बंद करण्यात कमीपणा कसला?

तिसरी, खरं बोलणारा एक बाहेरचा माणूस जवळ ठेवा. धाटावच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले अनुभवी अधिकारी, फोरमन, हिशेबनीस रोहा-वरसे परिसरात भेटतील. तीन महिन्यांतून एकदा त्यांच्यापुढे वह्या उघडा. ते टोचून बोलले तर राग गिळा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मालकी वारशाने मिळते, खुर्ची मिळू नये. मुलाला रस नसेल, वकूब नसेल, तर चांगला मॅनेजर नेमा आणि मुलाला मालक म्हणून राहू द्या. आणि मुलीला विसरू नका. भठेनांचा धंदा आधी जावयाने, मग मुलीने, मग नातीने सांभाळला. २००५ च्या कायद्याने एकत्र हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, तरी आपण तिला बोलावतो ते हक्कसोडपत्रावर सही करायला. कोटेशन, जीएसटी, उधारीची वसुली तिलाही शिकवा. कदाचित तीच धंदा तारेल.

आणि हे सारं धडधाकट असतानाच करा. नोंदणी तुमच्या एकट्याच्या नावावर असेल, तर तुमच्या पश्चात बँकेचं खातं आणि जीएसटीचं काम एका दिवसात अडतं. भागीदार दोनच असतील, तर एकाच्या मृत्यूने भागीदारी संपते. मृत्युपत्र करणं म्हणजे अपशकुन, ही समजूत टाकून द्या.

येत्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वह्या मांडाल, तेव्हा घरातल्या सगळ्यांना बसवा, सुना-मुलींनाही. येणं किती, देणं किती, आपल्यामागे कोण बघणार, हे मोठ्याने बोला आणि लिहून काढा. पाडव्यानंतर वकिलाकडे जाऊन कागद पक्के करा. एवढं एक काम यंदा उरकाच.