पडीक लहरी परत घ्या

लिलावात घेतलेला मोबाइल लहरींचा स्पेक्ट्रम जिथे वापरलाच जात नाही, तिथला हक्क केंद्र सरकारने काढून घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकसोबतच्या राज्याच्या इरादापत्रात नंदुरबारचे नाव आले, जळगावचे नाही. त्यामुळे जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यातील सातपुड्याच्या पाड्यांची भिस्त टॉवरवरच आहे.

स्पेक्ट्रम तालुक्यागणिक मिळत नाही. मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच दूरसंचार सर्कल. कंपनीने बोली जिंकली की पुण्याबरोबर सत्रासेन-वैजापूरच्या डोंगरावरचा हक्कही २० वर्षे तिच्याकडेच. टॉवर मात्र गिऱ्हाईक असेल तिथेच उभा राहतो. उरलेल्या भागात ती लहर पडून राहते आणि त्या कंपनीच्या संमतीविना दुसऱ्या कुणाला वापरताही येत नाही. रेशन दुकानात पॉस यंत्रावर अंगठा ठेवून रेंजची वाट पाहणारी पावरा आदिवासी बाई या पडीक हक्काची किंमत मोजते, रोजगार बुडवून.

दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ७ नुसार, पुरेशा कारणाविना न वापरलेला स्पेक्ट्रम पूर्ण किंवा अंशतः रद्द करता येतो. केंद्राने स्पेक्ट्रमच्या वापराचे मोजमाप सर्कलनिहाय न करता तालुकानिहाय करावे आणि पहिली तपासणी सातपुड्याच्या पट्ट्यात लावावी.